काम झालं ना, मग मार्ग कुठला हे कोण विचारतंय? सरकारी मेहेरबानीचा खरा हिशोब



सरकारी ऑर्डर कशा मिळवायच्या, या विषयावर बोलायला लागलं की एक प्रश्न येतोच. भर वर्गात फारसा येत नाही. ब्रेकमध्ये, चहाचा कप हातात असताना, हळू आवाजात येतो. "सर, साहेबांची ओळख निघालीय. काम मिळू शकतं. थोडं द्यावं लागेल. पण माझा धंदा उभा राहील, चार पोरांना रोजगार मिळेल. यात चुकीचं काय?"

"लाच देणं वाईट असतं" एवढं बोलून या प्रश्नातून सुटका करून घेता येते. पण विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. कारण विचारणारा माणूस बहुतेक वेळा बदमाश नसतो. त्याच्या डोक्यावर मशिनचा हप्ता असतो, घरभाडं असतं. आणि डोळ्यांसमोर चार अशी माणसं असतात, जी ओळखीच्या जोरावर मोठी झाली आणि आज उद्घाटनाला फीत कापतात. त्याला व्याख्यान नको असतं, हिशोब हवा असतो.

या आठवड्याच्या व्हिडिओत हा हिशोब वेळेअभावी धावता झाला. इथे नीट मांडतो. शेवटपर्यंत वाचा, कारण सरकारी काम सरळ मार्गाने कसं मिळवायचं, तेही खाली दिलंय.

आधी एक गोंधळ दूर करू: योजना वेगळी, मेहेरबानी वेगळी

आपल्याकडे दोन टोकांची माणसं भेटतात. एकाला वाटतं, सरकारकडून काहीही घेणं म्हणजे लाचारी. दुसऱ्याला वाटतं, सरकारकडचं सगळंच सेटिंगवर चालतं. दोघंही आपलं नुकसान करून घेतात.

उदाहरण घ्या, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं, म्हणजे पीएमईजीपीचं. नवा उद्योग टाकताना सर्वसाधारण गटातल्या अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या १५% सबसिडी शहरी भागात मिळते, ग्रामीण भागात २५%. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, माजी सैनिक, दिव्यांग अशा गटांना शहरात २५% आणि ग्रामीण भागात ३५%. म्हणजे सरकार इथे काही लोकांना जास्त मदत करतंय, हे उघड आहे. मग हा पक्षपात झाला का? नाही. कारण निकष आधी लिहिलेले आहेत, सगळ्यांना वाचता येतात आणि त्यात बसणारा कोणीही अर्ज करू शकतो. तुम्ही कोणाचे कोण, हे तिथे लिहिलेलं नाही.

समोर आलेला फायदा योजना आहे की मेहेरबानी, हे ओळखायला स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. नियम आधी लिहिला होता, की अर्जदार बघून लिहिला? टेंडरमधलं स्पेसिफिकेशन वाचताना एकाच कंपनीचा कॅटलॉग वाचल्यासारखं वाटत असेल, तर उत्तर तुम्हाला कळलेलं आहे.

२. माझ्याएवढीच पात्रता असलेला, पण साहेबांना न ओळखणारा माणूस आला असता, तर त्याला हेच मिळालं असतं का?

३. हा सगळा व्यवहार उद्या कागदपत्रांसकट पेपरात छापून आला, तर मी तो माझ्या ग्राहकाला आणि बँक मॅनेजरला समजावून सांगू शकेन का?

तिन्ही उत्तरं "हो" असतील तर बिनधास्त घ्या, संकोच करू नका. ती तुमच्या हक्काची गोष्ट आहे. एकाचंही उत्तर अडखळलं, तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

कोळशाची गोष्ट: साध्य चांगलं होतं, तरी काय झालं?

"साध्य चांगलं असेल तर साधन कसंही चालेल" हा युक्तिवाद आपल्या देशात किती मोठ्या प्रमाणावर वापरला गेला, ते बघायचं असेल तर कोळसा खाणींचं वाटप बघा.

१९९३ पासून सरकार खासगी कंपन्यांना त्यांच्या स्वतःच्या वापरासाठी कोळसा खाणी देत होतं. वीज, पोलाद, सिमेंट अशा उद्योगांना. लिलाव नव्हता. सरकारी अधिकाऱ्यांची एक छाननी समिती अर्ज बघायची आणि शिफारस करायची. यामागचा विचार ऐकायला अगदी रास्त वाटतो. देशाला वीज हवीय, पोलाद हवंय, सरकारी कोल इंडियाचं उत्पादन पुरत नाही. मग कारखानदारांनाच खाणी देऊन टाका, कोळसा स्वस्त पडेल, वीज स्वस्त होईल, विकास होईल.

२५ ऑगस्ट २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छाननी समितीमार्फत आणि सरकारी कोट्यातून झालेलं हे वाटप मनमानी आणि बेकायदा ठरवलं. समितीकडे एकसारखे, पारदर्शक निकष नव्हते. याला का दिलं आणि त्याला का नाही, याचं समाधानकारक उत्तर कागदावर सापडत नव्हतं. महिन्याभराने, २४ सप्टेंबरला, २१८ पैकी २१४ खाणींचं वाटप रद्द झालं. ज्यांनी कोळसा काढला होता, त्यांना काढलेल्या प्रत्येक टनामागे २९५ रुपये भरायला सांगण्यात आलं.

आता यातला एक आकडा नीट बघा. रद्द झालेल्या २१४ खाणींपैकी सुरू झालेल्या किंवा सुरू होण्याच्या बेतात असलेल्या खाणी होत्या फक्त ४२. एकवीस वर्षांत एवढ्याच! विकास लवकर व्हावा म्हणून लिलाव टाळला होता ना? मग बाकीच्या खाणी इतकी वर्षं का पडून राहिल्या?

याचं एक कारण धंदेवाल्या माणसाला लगेच कळेल. वस्तू फुकटात किंवा जवळजवळ फुकटात मिळाली, तर ती आधी ताब्यात घेऊन ठेवायची घाई असते, वापरायची नसते. ज्याने बाजारभावाने पैसे मोजलेत त्याला व्याज झोपू देत नाही, तो काम सुरू करतोच. आणि वाटप ओळखीवर होत असेल, तर खाण चालवण्यात हुशार असलेला माणूस मागे राहतो आणि दिल्लीत फाईल चालवण्यात हुशार असलेला पुढे जातो. साधन चुकलं की साध्यही हातातून निसटतं, ते असं.

बरं, फटका कोणाला बसला? ज्यांनी खाण मिळणार या भरवशावर कर्ज काढून कारखाने उभे केले, त्यांनाही बसला. त्यातल्या कित्येकांनी मनापासून उत्पादन करायचं ठरवलं असेल. पण पायाच बेकायदा ठरल्यावर वरच्या इमारतीची मजबुती कोणी मोजत बसत नाही.

निर्दोष सुटले, पण धंदा परत आला नाही

"सर, पण पकडले जातात किती? आणि कोर्टात सिद्ध होतं किती?" हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर टू-जी स्पेक्ट्रमच्या प्रकरणात आहे.

१० जानेवारी २००८ रोजी दूरसंचार खात्याने एका दुपारीच मोबाइल परवान्यांची संमतीपत्रं वाटली. अर्जाची शेवटची तारीख १ ऑक्टोबर २००७ जाहीर केली होती. पण विचारात घेतले गेले फक्त २५ सप्टेंबरपर्यंतचे अर्ज. किंमत लावली २००१ सालची. 'पहिला येईल त्याला पहिलं' असं धोरण होतं, पण रांग कधी आणि कुठे लागणार, हे ज्यांना आधीच ठाऊक होतं ते डिमांड ड्राफ्ट तयार ठेवून आले होते. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे १२२ परवाने रद्द केले.

फौजदारी खटला वेगळा चालला. २१ डिसेंबर २०१७ रोजी विशेष न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. त्याविरुद्ध सीबीआय दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

आता उद्योजक म्हणून याकडे बघा. आरोपी सुटले म्हणून परवाने परत मिळाले का? नाही. टॉवर उभे होते, ग्राहक होते, कर्मचारी होते, काही कंपन्यांमध्ये परदेशी भागीदारांनी पैसे ओतले होते. नॉर्वेच्या टेलेनॉरला धंदा चालू ठेवण्यासाठी लिलावात पुन्हा पैसे मोजून स्पेक्ट्रम घ्यावं लागलं. काही कंपन्यांनी गाशाच गुंडाळला.

म्हणून "आपण पकडले जाऊ का" हा अर्धाच प्रश्न आहे. तुम्ही तुरुंगात न जाताही धंदा जाऊ शकतो. शिक्षा व्हायला पुरावा लागतो. परवाना किंवा टेंडर रद्द व्हायला प्रक्रिया चुकीची होती एवढं पुरतं.

"मग कोरियाचं काय?"

इथे अभ्यासू मंडळी हमखास दक्षिण कोरियाचं उदाहरण देतात, आणि ते उदाहरण दमदार आहे. १९६१ मध्ये पार्क चुंग-ही यांनी लष्करी बळावर सत्ता घेतली, बँका सरकारच्या ताब्यात आणल्या आणि निवडक उद्योगसमूहांना स्वस्त कर्ज दिलं. ह्युंदाईसारख्या कंपन्या त्याच काळात वाढल्या. एका पिढीत गरीब देश औद्योगिक देश झाला. मग साध्याने साधनाला न्याय दिलाच की!

दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, त्या मदतीला अट होती. निर्यातीचं लक्ष्य ठरलेलं असायचं आणि ते गाठलं तरच पुढचं स्वस्त कर्ज. परदेशातल्या ग्राहकाला तुमची ओळख चालत नाही, त्याला माल चांगला लागतो. म्हणजे जिथे यश आलं, तिथे मेहेरबानीला कसोटीची जोड होती. आपल्याकडे जो "साहेब बघून घेतील" म्हणतो, तो नेमकी ही कसोटीच टाळायला बघत असतो.

दुसरी गोष्ट कुकजे समूहाची. बुसान शहरात रबरी बुटांपासून सुरू झालेला हा धंदा वाढत वाढत देशातल्या पहिल्या दहा समूहांत गेला. हजारो कामगार, वीसच्या आसपास कंपन्या. १९८५ मध्ये, चुन डू-ह्वान राष्ट्राध्यक्ष असताना, बँकांनी त्याचा कर्जपुरवठा थांबवला आणि अख्खा समूह मोडून त्याचे तुकडे इतरांना वाटले गेले. सरकारचं म्हणणं, कर्ज फार झालं होतं. मालकाचं म्हणणं, राष्ट्राध्यक्षांच्या निधीला देणगी कमी पडली. कर्ज खरोखरच मोठं होतं, पण तसं ते इतर समूहांचंही होतं. १९९३ मध्ये कोरियाच्या घटना न्यायालयाने सरकारचा तो हस्तक्षेप घटनाबाह्य ठरवला. तोवर आठ वर्षं गेली होती. समूह काही परत उभा राहिला नाही.

कुकजेला बुटं बनवता येत नव्हती, असं नव्हतं. पण तिथल्या प्रत्येक मोठ्या धंद्याची नाडी सरकारी बँकेच्या हातात होती. ज्या हाताने दिलं, त्याच हाताने काढून घेतलं.

आजच्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: मेहेरबानीने मिळालेली गोष्ट देणाऱ्याचीच राहते. तुम्ही फक्त ती सांभाळत असता. साहेबांची बदली झाली, निवडणुकीत पारडं फिरलं, तुमच्यापेक्षा दोन टक्के जास्त देणारा भेटला, की ती जाते. आणि गेल्यावर तक्रार कुठे करणार?

मोठ्यांचं सोडा, आपल्या गल्लीतलं बोलू: तीन कोटेशन

कोळसा आणि स्पेक्ट्रम लांबचं वाटत असेल, तर हे वाक्य ओळखीचं आहे का बघा: "तुमचं काम फिक्स आहे, फक्त अजून दोन कोटेशन घेऊन या." मग मेहुण्याच्या नावाचं एक लेटरहेड आणि मित्राच्या फर्मचं दुसरं. रेट तुमच्यापेक्षा थोडे जास्त. तिन्ही एकाच कॉम्प्युटरवर टाईप केलेली. बऱ्याच ठिकाणी हा इतका रोजचा प्रकार झालाय की यात काही चुकतंय, असंही कोणाला वाटत नाही.

कायद्याच्या भाषेत याला संगनमताने बोली लावणं म्हणतात आणि स्पर्धा कायदा, २००२ नुसार त्याला बंदी आहे. पुण्याचंच उदाहरण घ्या. महापालिकेने २०१४-१५ च्या सुमारास घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांची टेंडरं काढली होती. काही कंपन्यांनी फक्त स्पर्धा झाल्याचं दिसावं म्हणून डमी टेंडर भरली, अशी तक्रार नागरिक चेतना मंच या संस्थेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. मे २०१८ मध्ये आयोगाने कंपन्यांना दोषी ठरवून दंड लावला, आणि त्या चालवणाऱ्या व्यक्तींवरही वेगळा दंड बसवला. ज्यांनी स्वतःहून माहिती दिली, त्यांना दंडात सूट मिळाली.

यात शिकण्यासारखं बरंच आहे. साध्य बघा: शहरातल्या कचऱ्यावर प्रक्रिया. याहून चांगलं काम कुठलं? तरी ते बचाव म्हणून चालत नाही. दुसरं, 'मी तर फक्त मित्रासाठी लेटरहेड दिलं, मला काम मिळालंच नाही' असं म्हणणाराही सुटत नाही, डमी टेंडर भरणाराही दोषी असतो. तिसरं, हा दंड उलाढालीच्या हिशोबाने बसतो, त्या एका कामातल्या नफ्यावर नाही. आणि चौथं, स्वतःहून माहिती देणाऱ्याला सूट असते, म्हणजे तुमचा जोडीदारच आधी जाऊन सांगेल, याचं बक्षीस कायद्यातच लिहिलेलं आहे.

आता पेन घ्या, हिशोब करू

नीतीचं क्षणभर बाजूला ठेवा, धंद्याचं गणित बघा. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा काम १० लाखांचं आहे. खर्च ८ लाख २० हजार. नफा दिसतोय १ लाख ८० हजार. टक्केवारी ठरली १०%, म्हणजे १ लाख, रोख आणि आगाऊ.

बिल निघायला चार महिने लागले. ८ लाख रुपये अडकले. १२% व्याजाने चार महिन्यांचं व्याज ३२ हजार. उरले १ लाख ४८ हजार.

दिलेली टक्केवारी तुम्ही पुस्तकात दाखवू शकत नाही, आणि लाच हा खर्च म्हणून आयकरात चालतही नाही. म्हणजे कर पूर्ण १ लाख ४८ हजारांवर. ३०% धरला तर ४४,४००. उरले १ लाख ३ हजार ६००. त्यातून दिलेला १ लाख वजा करा.

हातात राहिले ३ हजार ६०० रुपये. दहा लाखांच्या कामात!

मग पुढे काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. सिमेंटच्या दोन गोण्या कमी पडतात. २० गेजच्या पत्र्याऐवजी २२ गेजचा लागतो. शाळेच्या बाकाचं प्लायवूड पहिल्या पावसात फुगतं. सुरुवातीला तुम्ही म्हणत होतात, "काम तर चांगलंच करणार आहे, फक्त मिळवायचा मार्ग वाकडा आहे." पण त्या मार्गाचा खर्च शेवटी कामातूनच निघतो, दुसरीकडून निघायला जागाच नसते. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये साधन आणि साध्य यांचं नातं बी आणि झाडासारखं आहे, असं मांडलं होतं. आपण साधनशुचिता हा भाषणातला शब्द समजतो. पण बिल ऑफ क्वांटिटी समोर ठेवून बसलात, तर तो कॉस्टिंगचा शब्द आहे, हे लक्षात येईल.

याशिवाय काही खर्च या हिशोबात आलेलेच नाहीत. तुमची विक्रीची टीम काही शिकत नाही, कारण विक्री साहेबांच्या केबिनमध्ये होते. बँकेला दाखवायला खरा ताळेबंद राहत नाही. उद्या मुलाच्या हातात धंदा द्यायचा तर काय देणार? मशिन देता येतं, ग्राहक देता येतो. ओळख वारसाहक्काने देता येत नाही.

पण हक्काचंच काम अडवलं असेल तर?

हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो वेगळाच ठेवायला हवा. जे आपलं नाही ते मिळवायला पैसे देणं एक, आणि आपलंच बिल, आपलाच परवाना, आपलंच कनेक्शन सोडवायला पैसे मागितले जाणं दुसरं. पहिल्यात तुम्ही भागीदार असता, दुसऱ्यात तुमची अडवणूक होत असते. दोन्हीला एकाच तराजूत तोलून उद्योजकाला शिव्या घालणं मला पटत नाही.

पण दुसऱ्या प्रकारातही हातपाय गाळू नका. काय करता येतं ते बघा.

१. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. आता लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि तुम्ही सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर संरक्षण आहे. देण्याआधीच कळवून सापळ्यात मदत केली, तरी तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. महाराष्ट्र लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर आहे १०६४.

२. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. त्यात अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते. ती पाळली नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि मग आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम छोटी वाटते, पण अपिलाची नोंद फाईलवर राहते आणि ती कोणाला नको असते.

३. माहिती अधिकारात १० रुपये भरून 'माझा अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस होता' एवढंच विचारा. उत्तराची मुदत ३० दिवस. कित्येकदा उत्तर येण्याआधी फाईल हलते.

४. प्रत्येक भेटीनंतर एक साधा ईमेल पाठवा: आज आपल्याशी बोलणं झालं, आपण अमुक कागद मागितला, तो सोबत जोडला आहे. तोंडी अडवणूक कागदावर आली की तिचा आवाज बदलतो.

हे सगळं करायला वेळ लागतो, मनस्ताप होतो, हेही खरं आहे. प्रत्येक वेळी लढायची ताकद प्रत्येकात नसते. पण निदान 'दुसरा मार्गच नव्हता' हे वाक्य हे चार मार्ग बघितल्यावरच म्हणा.

सरळ मार्गाने सरकारी काम: इथून सुरुवात करा

सरकारने लहान उद्योगांना दिलेली, लिहून ठेवलेली, हक्काची सवलत आपण वापरतच नाही आणि मग ओळख शोधत फिरतो. ही यादी जपून ठेवा.

उद्यम नोंदणी: पूर्णपणे मोफत आहे, ऑनलाइन होते. त्यासाठी पैसे मागणारा एजंट असतो, सरकार नव्हे.

केंद्राचं खरेदी धोरण: केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वार्षिक खरेदीतला किमान २५% हिस्सा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यात ३% महिला उद्योजकांसाठी आणि ४% अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी. टेंडरचा फॉर्म मोफत, अनामत रकमेतून सूट. तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५% पर्यंत जास्त असला, तरी तो कमी दर मान्य करून कामाचा काही हिस्सा घेण्याची संधी मिळू शकते. ३५८ वस्तू तर फक्त लघुउद्योगांकडूनच घ्यायच्या, अशी यादीच आहे. एक लक्षात ठेवा: हे उत्पादन करणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसत्या ट्रेडिंगला नाही.

जेम पोर्टल: २०१६ पासून सरकारी खरेदीचा हा ऑनलाइन बाजार आहे. तिथेही सगळं आदर्श आहे असं नाही. पण बोली दिसते, तारीख दिसते, निकाल दिसतो. पहिली सहा महिने फक्त निकाल वाचा. कोण कुठल्या दराने काम घेतंय, याचं एवढं शिक्षण कुठल्याही कोर्समध्ये मिळणार नाही. माझ्याही नाही.

४५ दिवसांचा नियम: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हा २००६ च्या एमएसएमई कायद्यातला नियम आहे. तक्रार ऑनलाइन करता येते.

आणि एक सल्ला. सुरुवातीच्या काळात एकूण विक्रीत सरकारी कामाचा वाटा एक तृतीयांशापेक्षा जास्त होऊ देऊ नका. ज्याच्याकडे दुसरा ग्राहक असतो, तोच "नाही" म्हणू शकतो. स्वच्छ राहायला मनाची ताकद लागतेच, पण बाजारात दुसरी ऑर्डर असणं ही त्याहून भरवशाची ताकद आहे.

शेवटी, खरं सांगायचं तर

सरळ मार्गाने गेलात तर काही ऑर्डर जातील. नक्की जातील. तुमच्यापेक्षा वाईट माल देणारा तुमच्यासमोर काम घेऊन जाईल आणि तुम्हाला त्या रात्री झोप लागणार नाही. 'चांगल्याचं नेहमी चांगलंच होतं' असलं गोड आश्वासन मी देणार नाही, कारण ते खरं नाही. ओळखीवर मोठे झालेले आणि शेवटपर्यंत मोठेच राहिलेले लोकही आहेत.

पण तुम्ही धंदा का सुरू केलात, ते आठवा. नोकरीत साहेबाची मर्जी सांभाळावी लागते, ती नको म्हणूनच ना? मग लाखो रुपये गुंतवून, घर गहाण टाकून, पुन्हा एका साहेबाचीच मर्जी सांभाळायची असेल, तर नोकरी काय वाईट होती? तिथे निदान पगार तरी एक तारखेला व्हायचा.

या आठवड्याचा गृहपाठ: आपल्या गेल्या वर्षीच्या सगळ्या ऑर्डरची यादी करा. प्रत्येकीसमोर एकच गोष्ट लिहा, हा ग्राहक माझ्याकडे कशामुळे आला. दर, दर्जा, वेळ, की ओळख? 'ओळख' लिहिलेल्या ऑर्डरची बेरीज करा आणि ती माणसं उद्या बदलली, तर धंदा किती उरतो ते बघा. जो आकडा उरेल, तो तुमचा खरा धंदा. वाढवायचा आहे तो तोच.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा!